लाकूड धरायला तिसरा हात : लोहाराकडून बनवून घ्यायचा होल्डफास्ट



मागच्या व्हिडिओत मी पाट बनवत होतो. त्यात मी टेबलाच्या भोकात एक वाकडा लोखंडी आकडा टाकतो, वरून मोगरीचा एक ठोका देतो आणि फळी जागेवरून हलत नाही. तेवढा पाच सेकंदांचा तुकडा बघून बऱ्याच जणांनी विचारलं, दादा, ते काय आहे आणि कुठे मिळतं? त्याला बेंच होल्डफास्ट म्हणतात. कुठे मिळतं याचं उत्तर मात्र जरा लांबलचक आहे, म्हणून इथे लिहून ठेवतोय.

आधी एक गंमत. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात जाऊन "होल्डफास्ट द्या" म्हटलं तर दुकानदार लगेच काढून देईल, पण भलतीच वस्तू. दाराच्या चौकटीला स्क्रूने बसवायची आणि भिंतीत सिमेंटमध्ये गाडायची लोखंडी पट्टी असते ना, तिलाही होल्डफास्टच म्हणतात. नाव तेच, काम पूर्ण वेगळं. मी स्वतः पहिल्यांदा तसल्या सहा पट्ट्या घेऊन घरी आलो होतो. आपल्याला हवाय तो आकडा दिसायला आजोबांच्या वाकड्या मुठीच्या काठीसारखा असतो, फक्त जाड लोखंडाचा आणि वीतभर-दीड वीत लांब.

आता माझ्या डाव्या तळहाताकडे येतो. बीबीए झाल्यावर मी चिखलीत दुकान टाकलं. चौरंग, पाट, छोटे देव्हारे असा माल बाहेरून आणून विकायचो. मग डोक्यात आलं, आपणच का बनवू नये? घरामागे पत्र्याची शेड होती, एक जुनं टेबल होतं. यूट्यूब बघून, गल्लीतल्या सुतारकाकांना विचारत विचारत काम सुरू केलं. लग्नसराईच्या तोंडावर एका गिऱ्हाईकाने चाळीस पाटांची ऑर्डर दिली. सातव्या-आठव्या पाटाला डाव्या हाताने फळी दाबून धरली होती, उजव्या हाताने पटाशी ढकलत होतो. फळी सरकली. पटाशी थेट तळहातात. टाके पडले, पंधरा-सोळा दिवस हात गळ्यात. गिऱ्हाईकाने अ‍ॅडव्हान्स परत मागितला आणि त्याचं चुकलं नाही, लग्नाची तारीख काय माझ्या हातासाठी थांबणार होती?

सुतारकाका बघायला आले. पट्टीकडे बघून म्हणाले, "पोरा, तू लाकूडही हातानं धरतं अन् पटाशीही हातानं धरतं. मंग लागन नाही त काय होईन?"

काका स्वतः जमिनीवर बसून काम करतात, फळी पायाने दाबून धरतात, अंगठ्याच्या जवळून वाकस चालवतात. आपल्याकडची ही जुनी पद्धत आहे आणि ती मागासलेली वगैरे अजिबात नाही. पण ते कसब वयाच्या दहाव्या वर्षापासून अंगात मुरलेलं असतं. तिशीत कॉलेजचं सर्टिफिकेट घेऊन शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या माणसाने ते दोन महिन्यांत उचलायला जाऊ नये. कॉलेजात आम्हाला मालमत्ता, घसारा, इन्शुरन्स सगळं शिकवलं. एकट्याच्या धंद्यात सगळ्यात महाग मशीन म्हणजे आपले दोन हात, आणि त्याचा स्पेअर पार्ट मिळत नाही, हे काही कुठल्या चॅप्टरमध्ये नव्हतं.

पैसे कुठे जातात

नवीन माणूस वर्कशॉप टाकतो तेव्हा आधी काय घेतो? ग्राइंडर, जिगसॉ, राउटर. सगळी कापणारी हत्यारं. लाकूड धरायला काहीच नाही. नंतर कळतं तेव्हा दोन-तीन सी-क्लॅम्प येतात. सी-क्लॅम्प वाईट नाही, पण प्रत्येक वेळी आटे फिरवा, सैल करा, फळी फिरवा, पुन्हा आवळा. समजा एका पाटाला फळी बारा वेळा फिरवावी लागते आणि दर वेळी क्लॅम्पला पाऊण मिनिट जातं. झाली नऊ मिनिटं. होल्डफास्टला दहा सेकंद धरा, म्हणजे दोन मिनिटं. एका पाटामागे सात मिनिटं वाचली. दिवसाला दहा पाट केले तर सत्तर मिनिटं. हे आकडे माझे आहेत, तुम्ही तुमच्या कामावर मोबाईलमध्ये टाइम लावून मोजा. आणि खरी गोष्ट पुढेच आहे : आवळायचा कंटाळा आला की माणूस "एवढ्यासाठी कशाला" म्हणून फळी हाताने धरतो. मी तेच केलं होतं. माझ्या टेबलावर सी-क्लॅम्प होता, मित्रांनो. बाजूलाच पडलेला होता.

सुतारी वाईस चांगली असते, पुढेमागे घ्याच. पण तिला काही हजार रुपये लागतात आणि ती टेबलाच्या एकाच जागी बसते.

हे पकडतं कसं

कपाटाचा लाकडी ड्रॉवर एकाच बाजूने ओढला की तिरका होऊन अडकतो. मग कितीही जोर लावा, येत नाही. पावसाळ्यात तर घराघरांत हा अनुभव आहे. होल्डफास्ट म्हणजे तोच त्रास, मुद्दाम आपल्या कामाला लावलेला.

त्याचे तीन भाग लक्षात ठेवा. भोकात जातो तो दांडा, वरचं वळण म्हणजे मान, आणि फळीवर टेकतो तो चपटा पंजा. दांडा भोकापेक्षा थोडा बारीक असतो, त्यामुळे नुसता टाकला तर खळकन खाली जातो. पंजा फळीवर टेकवून मानेवर ठोका दिला की दांडा थोडा खाली जातो, मान स्प्रिंगसारखी किंचित ताणली जाते आणि फळी पंज्याला वर ढकलते. त्यामुळे दांडा भोकात तिरका होतो. वरच्या तोंडाशी तो मागच्या कडेला रुततो आणि खालच्या तोंडाशी पुढच्या कडेला. झालं, अडकला. ना आटे, ना स्क्रू, ना स्प्रिंग. सोडवायचा असेल तर मानेच्या मागच्या बाजूला एक टिचकी, म्हणजे तिरकेपणा गेला आणि आकडा मोकळा.

ही युक्ती फार जुनी आहे. फ्रान्समधल्या आंद्रे याकोब रूबो नावाच्या सुताराने १७६९ पासून सुतारकामावर मोठा ग्रंथ छापायला सुरुवात केली, त्यातल्या कामाच्या टेबलाच्या चित्रात हा आकडा आहे. फ्रेंच सुतार त्याला 'व्हाले' म्हणतात. म्हणजे नोकर. न बोलता लाकूड धरून उभा राहणारा. नाव अगदी बरोबर ठेवलंय.

लोहाराकडे काय सांगायचं

तयार बेंच होल्डफास्ट आपल्या तालुक्याच्या बाजारात सहजासहजी दिसत नाही. ऑनलाइन मिळतो, पण त्यावर पैसे घालायची गरज नाही. भट्टी आणि ऐरण असलेला लोहार पाहिजे, बस. आठवडी बाजारात विळे-कुऱ्हाडी विकायला बसतात, त्यांना विचारा.

लोखंड तुम्ही स्वतः घेऊन जा. १८ मिलिमीटरची साधी गोल सळई, गुळगुळीत. स्लॅबसाठी वापरतात ती पीळवाली टीएमटी नको. तिच्यावरच्या धारा भोकात अडकतात आणि भोक कुरतडतात. वजनाचा हिशोब बांधकामवाल्यांना तोंडपाठ असतो : मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग भागिले १६२, म्हणजे एका मीटरचं वजन किलोत. १८ चा वर्ग ३२४, भागिले १६२, बरोबर दोन किलो. एका होल्डफास्टला साधारण अर्धा मीटर सळई लागते, म्हणजे एक किलो. दोन बनवायचे तर दोन किलो. किलोला ७० रुपये धरले तर १४० रुपयांचं लोखंड झालं. भाव रोज बदलतो, दुकानात विचारून घ्या. लोहाराची मजुरी लोखंडापेक्षा जास्त होईल, आणि व्हायलाच पाहिजे. तिथे घासाघीस करू नका. आपल्या मालाला गिऱ्हाईक घासाघीस करतो तेव्हा आपल्याला कसं वाटतं?

कागदावर खरा आकार काढून न्या, नुसतं तोंडी सांगितलं तर हमखास चुकतं. दांडा सरळ, नऊ ते दहा इंच. मग मोठं गोलसर वळण, आणि पुढे सहा-सात इंचांचा हात, जो टोकाकडे खाली झुकतो. टोक ठोकून रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं चपटं करायचं, तो पंजा. वळणावर लोखंड पातळ होऊ द्यायचं नाही, तिथे सळईची पूर्ण जाडी राहिली पाहिजे, कारण सगळा जोर तिथेच येतो. तापलेला आकडा पाण्यात बुडवू नका, हवेत आपोआप गार होऊ द्या.

मी पहिल्यांदा एका फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो होतो. तो म्हणाला, "भट्टी काहाले पाहिजे भाऊ, दोन तुकडे वेल्डिंग मारून देतो, दोन मिनिटाचं काम." दिलाही करून. नववा की दहावा ठोका बसला आणि काटकोनातला जोड तडकला. होल्डफास्टचं काम मानेच्या लवचिकतेवर चालतं, आणि ठोकाही तिथेच बसतो. त्याच जागी जोड ठेवला तर काय होणार? एकाच सळईला तापवून वळवलेलाच घ्या.

ताब्यात घेण्याआधी एक तपासणी करा. दांडा भोकात टाका, दोन इंचांचा ठोकळा खाली ठेवा आणि आकडा हळूच टेकवा. ठोकळ्याला पंज्याचं पुढचं टोक आधी लागलं पाहिजे. पंज्याची मानेकडची बाजू आधी लागत असेल तर तो पकडणार नाही, मग कितीही ठोका. हात थोडा आणखी खाली वळवून द्यायला सांगा. पण ही तपासणी करायला भोक हवं, म्हणून लोहाराकडे जाताना भोक पाडलेला लाकडाचा जाड तुकडा सोबत न्या. हे मला दुसऱ्या चकरेला सुचलं.

टेबल आणि भोक

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. होल्डफास्ट चांगला आणि टेबल प्लायवूडचं, मग "पकडत नाही हो" असा फोन येतो.

टेबलाची फळी अडीच ते साडेतीन इंच जाड पाहिजे. पातळ फळीत सगळा जोर दोन बारीक कडांवर येतो, त्या चेपतात आणि भोक हळूहळू अंड्यासारखं लांबट होतं. चार इंचांच्या वर जाडी गेली तर उलटी अडचण, दांडा पुरेसा तिरकाच होत नाही. तेव्हा भोकाचा खालचा भाग मोठ्या बिटने रुंद करून घ्यायचा. तुमच्याकडे १८ मिलिमीटर प्लायचं टेबल असेल तर मोडून टाकू नका. जिथे भोक पाडायचं तिथे खालून बाभळीचा दोन इंच जाड, सहा इंच लांब-रुंद ठोकळा फेविकॉल आणि स्क्रूने बसवा आणि मग दोन्हींमधून आरपार भोक पाडा.

लाकूड कुठलं? बाभूळ आपल्याकडे मिळते, कठीण आहे, बैलगाडीची चाकं आणि शेतीची अवजारं उगाच तिची करत नव्हते. माझं टेबल जुन्या माळवदाच्या घराच्या सागवानी तुळईचं आहे. गावागावांत जुनी घरं पाडतात तेव्हा अशा तुळया विकायला निघतात. घ्या, पण आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा. माझा एक बिट त्यात गेला.

सळई १८ ची असेल तर भोक २० मिलिमीटरचं. एक ते दोन मिलिमीटर मोकळीक चालते. त्याहून घट्ट असेल तर दांडा तिरका होत नाही, त्याहून सैल असेल तर घसरतो. आधी टाकाऊ तुकड्यात पाडून बघा, थेट टेबलावर नको. ड्रिल मशीन १३ मिलिमीटर चकचं, वेग कमी, बाजूची मूठ लावलेली. एवढा मोठा बिट अडकला की मशीन मनगट पिळून काढतं. भोक अगदी उभं, काटकोनात हवं. बिटच्या बाजूला गुण्या उभा ठेवा आणि दुसऱ्या बाजूने घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा. माझी बायको "थोडं तुमच्याकडे, थोडं भिंतीकडे" सांगत होती, तिच्यामुळे सगळी भोकं सरळ आली. बिटचं टोक खालून दिसलं की थांबा आणि उरलेलं खालून पाडा, नाहीतर लाकडाची सालपटं निघतात.

किती भोकं? सुरुवातीला तीनच. उत्साहात टेबलाची चाळणी करू नका. दोन मागच्या बाजूला, एकमेकांपासून साधारण पंधरा इंचांवर, एक पुढच्या काठापासून चार इंच आत. महिनाभर काम करा. चौथं कुठे पाहिजे ते काम स्वतःच सांगतं. दांडा खाली पाच-सहा इंच बाहेर येतो, म्हणून खाली ड्रॉवर किंवा आडवी पट्टी नाही ना, ते बघा. टेबलाच्या पायाजवळ भोक असलं की ठोका भक्कम बसतो, मधोमध असलं की टेबल उसळतं. टेबल हलकं असेल तर खालच्या फळीवर विटा रचा. माझ्या टेबलाखाली अजून आहेत.

वापर

फळीवर पंजा थेट टेकवू नका, खूण उमटते. मध्ये लाकडाचा पातळ तुकडा ठेवा किंवा चपला-बूट दुरुस्त करणाऱ्याकडून चामड्याचा तुकडा आणून पंज्याला चिकटवा. मानेच्या वर मोगरीचा एक ठोका, फार तर दोन. बसला की आवाज बदलतो, खळखळणारा आवाज जाऊन एकदम ठोस येतो. आठवडाभरात कान तयार होतो. घण मारल्यासारखं ठोकू नका, सोडवताना टेबल उखडेल.

पकडत नसेल तर आधी दांडा बघा. नवी सळई फार गुळगुळीत असते. ८० नंबरच्या एमरी पेपरने दांडा गोल गोल घासा, उभा नाही, आडवा. बहुतेक वेळा एवढ्यानेच काम होतं. आणि गंज चढू नये म्हणून दांड्याला तेल लावायचा मोह होईल, तो टाळा. तेल लावलेला होल्डफास्ट म्हणजे शेवाळावरचा पाय. भोक घट्ट वाटलं, तर काठीला एमरी पेपर गुंडाळून भोक आतून थोडं घासून घ्या.

एक प्रश्न हमखास येतो : फळीवर रंधा मारायचा असेल तर आकडा मध्येच येतो, मग? बरोबर आहे, रंधा मारताना फळीच्या वर काहीच नको. नाहीतर रंध्याची धार लोखंडावर आपटेल. त्यासाठी एक वेगळी पट्टी करा. अर्धा इंच जाड, दीड फूट लांब, तिच्या एका टोकाला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच. फळीचं पुढचं टोक टेबलावर ठोकलेल्या अडणीला टेकवा. मागच्या टोकाच्या कोपऱ्यात ही खाच अडकवा आणि होल्डफास्ट फळीवर नाही, त्या पट्टीवर ठोका. आता फळी पुढे जात नाही, बाजूला सरकत नाही आणि वरून पूर्ण मोकळी. पाटाच्या फळ्या मी अशाच रंधतो. फळी फिरवायला दोन सेकंद, कारण काही सोडवावंच लागत नाही.

जिथे चालत नाही तेही सांगतो. फेविकॉल लावून जोड दाबून ठेवायला क्लॅम्पच लागतो. राउटर किंवा जिगसॉच्या थरथरीने होल्डफास्ट हळूहळू सैल होऊ शकतो, म्हणून मशीनच्या कामाला दोन लावा आणि मधूनमधून हाताने हलवून बघा. अरुंद, अर्ध्या-पाऊण इंचाच्या तुकड्यावर पंजा नीट बसत नाही, तिथे वाईस बरी.

शेवटी पैशांचं एक काम. तुमच्या घरात सुतारकामाचा हाताचा धंदा आधीपासून चालू असेल तर पीएम विश्वकर्मा योजना बघा. ती १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, त्यातल्या १८ व्यवसायांत सुतारही आहेत आणि लोहारही. हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत ई-व्हाउचर, प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये, आणि पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत विनातारण कर्ज ५ टक्के व्याजाने. नोंदणी सीएससी केंद्रावर होते, कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो. माझ्यासारख्या दुकानदारीतून आलेल्या नवख्यासाठी ती नाही, त्यामुळे उगाच कागद गोळा करत बसू नका. पण तुमचा होल्डफास्ट बनवून देणाऱ्या लोहारदादांना मात्र नक्की विचारा, त्यांनी अर्ज केलाय का. मी विचारलं तेव्हा त्यांना योजनेचं नाव माहीत होतं, आपला व्यवसाय त्यात बसतो हे माहीत नव्हतं. मोबाईल नंबर आधारला जोडलेला नव्हता, ते काम आम्ही आधी केलं.